एक माणूस जास्त

गिनतीमामांना मोजायची सवय होती असं म्हणणं म्हणजे माशाला पोहायची सवय आहे असं म्हणण्यासारखं झालं. सत्तावीस वर्षं तुरुंगात हवालदारी केली, आणि तुरुंगात हवालदार दुसरं करतो तरी काय? मोजतो. सकाळी बराकीचं कुलूप काढलं की मोजतो, जेवणाआधी मोजतो, जेवणानंतर मोजतो, जणू मधल्या वेळात एखादा कैदी जेवणाबरोबर कुणी गिळून टाकला असेल. कैदी जोडीने बसायचे, मामा बोट हवेत नाचवत पुढे सरकायचे, "दोन, चार, सहा, आठ," आणि शेवटी कागदाच्या चिठ्ठीवर आकडा लिहून ती मोठ्या फाटकाकडे धाडायचे. सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज सहाशे बारा आली की फाटकावरून एक टोला. मग जो तो आपापल्या वाटेला.

या बोटाने घरीही कुणाला सोडलं नाही. लेकीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांकडच्या मंडळींना जेवायला बसवण्याआधी दोन-दोनच्या रांगेत उभं केलं होतं. लेकीच्या सासूने अजून ते विसरलेलं नाही. "तुमच्या वडिलांनी आम्हाला मोजून घेतलं," असं ती सुनेला ऐकवते, "परत करताना कमी भरायला नको म्हणून असेल."

पण सत्तावीस वर्षांत मामांची गिनती एकदाही चुकली नव्हती. ताप होता तेव्हा नाही, वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी नाही. खात्याने त्याची दखल घेतली होती. सहा महिन्यांनी त्यांना निर्दोष सेवेचं पदक मिळणार होतं, वरून मोठे साहेब येणार होते. मामांची बायको शाळेचे गणवेश शिवायची. पुढच्या खोलीत दोन मशीन, आणि भिंतीला लागून निळ्या कापडाचे गठ्ठे. तिने त्या समारंभासाठी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःकरता गणवेशाच्या रंगाचा नसलेला ड्रेस शिवला. शेंदरी. बाह्यांना सहा-सहा बटणं.

"नवऱ्याला पदक मिळतंय म्हणून बटणं?" शेजारणीने विचारलं.

"नवरा सत्तावीस वर्षांत एकदाच चमकणार आहे. मग मला पण जरा चमकू दे की."

असं सगळं सुरळीत चाललं असताना तुरुंगात प्रश्नबाई आल्या.

बाई कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. उंचीने पाण्याच्या पिंपाएवढ्या, केस पिकलेले, खांद्याला पिशवी, पिशवीत छत्री. साहेब, म्हणजे तुरुंगाचे अधीक्षक, माणूस बरा होता. त्यांनी सहा महिन्यांच्या बोलीवर दर मंगळवारी दुपारी दीड तासाचा वर्ग मंजूर केला. जेलरसाहेबांना मात्र ते पटेना. त्यांच्या नाकावर माशी बसत नसे, आणि चुकून बसलीच तर तिची नोंद होत असे.

"तत्त्वज्ञान? यांना? चोर-दरोडेखोरांना?"

"यांना वेळ असतो," बाई म्हणाल्या. "माझ्या कॉलेजातल्या मुलांना नव्हता."

जेलरसाहेबांनी परवानगीच्या कागदावर एक अट घालून घेतली आणि साहेबांची सही घेतली. ज्या दिवशी या वर्गापायी एका आकड्याचाही घोळ होईल, त्या दिवशी वर्ग बंद. आणि पहाऱ्याला गिनतीमामा. ज्याचा आकडा कधी चुकत नाही तो.

वर्ग भरायचा सतरंज्या विणायच्या जुन्या शेडमध्ये. माग कधीच काढून नेले होते, जमिनीत नुसते लोखंडी आकडे उरले होते, त्यात कुणाचा ना कुणाचा पायजमा अडकायचा. बावीस कैदी. पहिल्याच दिवशी बाईंनी मामांना अडचणीत टाकलं. म्हणाल्या, "रांगेत नको. गोल बसा. मला सगळ्यांची तोंडं दिसली पाहिजेत."

आता गोलात जोड्या कशा मोजायच्या? सुरुवात कुठे, शेवट कुठे? मामांनी रात्रभर विचार करून तोड काढली: दाराच्या डावीकडून सुरू करायचं, प्रत्येकाने तोंडाने आपला आकडा म्हणायचा, शेवटच्याचा आकडा तोच चिठ्ठीवर. मामांना स्वतःच्या या युक्तीचा एवढा अभिमान वाटला की त्यांनी ती बायकोला दोनदा सांगितली.

दाराच्या डावीकडे पहिला बसायचा कुलूपवाला, शहरातलं एकही कुलूप ज्याला परकं नव्हतं असा. अकरावा सहीवाला, जो कुणाचीही सही त्या माणसापेक्षा चांगली करायचा. त्याच्या शेजारी पोस्टमन, ज्याने तीन वर्षं लोकांची पार्सलं घरी नेली होती. आणि सगळ्यात शेवटी, दाराच्या उजवीकडे, रिक्षावाला. त्याने भाड्याच्या वादात एका माणसाला जॅकच्या दांड्याने मारलं होतं. तो माणूस पुन्हा उठला नाही. रिक्षावाला सहसा बोलायचा नाही.

पहिल्या तासाला बाईंनी विचारलं, "इथे शेवटचं भांडण कशावरून झालं?"

सगळे हसले. बादलीवरून झालं होतं. चार नंबरच्या बराकीत, दोन डोकी फुटली होती.

"कुणाची बादली?"

"माझी," कुलूपवाला म्हणाला. "तीन वर्षं माझ्याकडे आहे."

"तिची कडी बदलली मागच्या वर्षी," पोस्टमन म्हणाला.

"बूडही बदललं, लोहारशेडमध्ये," आणखी कुणीतरी म्हणालं.

"आणि मधला पत्रा?" बाईंनी विचारलं.

"तो गळायला लागला म्हणून..." कुलूपवाला बोलता बोलता थांबला. "च्यायला."

"म्हणजे कडी नवी, बूड नवं, पत्रा नवा," बाई म्हणाल्या आणि टाळी वाजवून हसल्या. त्या हसायच्या तशी शाळकरी पोरगीसुद्धा हसत नसेल. "मग डोकी कशासाठी फुटली?"

त्या दिवशी मामा दारात पाठ करून उभे होते, नियमाप्रमाणे, बाहेर तोंड. पण कान काही बाहेर तोंड करून उभे राहत नाहीत. घरी गेले तर जेवता जेवता घास हातात धरून बसले.

"काय झालं?"

"या ताटाचं बूड बदललेलं आहे का?"

"तुमचं डोकं बदलून आणा आधी," बायको म्हणाली.

तिसऱ्या मंगळवारी मामांचं तोंड आत वळलं. दारावर नजर ठेवायची तर दारातून आत बघणं ओघानेच आलं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पाचव्या मंगळवारी स्टूल आलं. नवव्या मंगळवारी स्टुलावर मान अवघडते म्हणून मामा सतरंजीच्या कडेला टेकले. बाराव्याला ते सहीवाला आणि पोस्टमन यांच्यामधल्या जागेत मांडी घालून बसले होते आणि टोपी मांडीवर होती. बाहेर जेलरसाहेबांची पावलं वाजली की टोपी डोक्यावर आणि मामा दारात. एवढी चपळाई त्यांच्यात आहे हे त्यांच्या गुडघ्यांनाही ठाऊक नव्हतं.

बराकींत काहीतरी वेगळंच सुरू झालं होतं. भांडणं थांबली असं नाही. उलट लांबली. जेलरसाहेबांची तीच तक्रार होती. "आधी दोन मिनिटांत मिटायचं. डोकं फुटायचं, औषध लागायचं, मिटायचं. आता साबणाच्या वडीवरून दोन दिवस चालतं! एक म्हणतो तुझं म्हणणं आधी नीट मांड, दुसरा म्हणतो मांडतो पण तू मध्ये बोलू नकोस. शिपाई वेडे व्हायची पाळी आलीय." साहेबांनी दवाखान्याचं रजिस्टर काढून पाहिलं. चार महिन्यांत चार नंबरच्या बराकीतून एकही फुटलेलं डोकं आलं नव्हतं.

आणि एका मंगळवारी रिक्षावाला बोलला. बादलीची गोष्ट त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. "बाई, माझं पण सगळं बदललंय. दहा वर्षं झाली. वजन, केस, बोलणं. मग ज्याने मारलं तो मीच का?"

 बाई हसल्या नाहीत. "तुम्हाला काय वाटतं?"

त्याने हाताचे तळवे उलटे-सुलटे करून पाहिले. "मीच. तो मी नसतो तर मला झोप लागली असती."

मामांनी टोपी मांडीवरून उचलली आणि पुन्हा ठेवली. पण पुढच्या क्षणी कुलूपवाल्याने विचारलं, "मग बादलीला पण झोप लागत नसेल का?" आणि आधी रिक्षावालाच हसला. दहा वर्षांत त्याचे दात कुणी पाहिले नव्हते. मग सगळं शेड हसलं, बाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा खाली पडला.

तर आता घोळ झाला त्या मंगळवाराकडे येऊ.

त्या दिवशी बाईंनी येताच विचारलं, "समजा, एका दुपारी मोठं फाटक उघडं राहिलं. पहारा नाही. तुम्ही पाहिलं, आणि तरी गेला नाहीत. कशाने अडवलं तुम्हाला?"

झाली सुरुवात. कुलूपवाला म्हणाला, तो फाटक नीट लावून आत येईल, कारण उघडं कुलूप त्याला बघवत नाही. पोस्टमन म्हणाला, भीतीने. सहीवाला म्हणाला, भीती वेगळी आणि लाज वेगळी, दोन्ही एकाच खात्यात घालू नका. एकमेकांची वाक्यं तोडली जात होती, हात नाचत होते, आणि मामा बसल्या जागी पुढे पुढे सरकत होते. शेवटी त्यांनी हात वर केला. हवालदाराने हात वर केला, बोलायची परवानगी मागायला!

"मी सांगू? मी सत्तावीस वर्षं आत आहे. तुमच्यापैकी कुणीच एवढं नाही. आणि माझ्यासाठी फाटक रोज संध्याकाळी उघडतं. मी जातो. आणि रोज सकाळी आपल्या पायाने परत येतो. मला कोण आणतं?"

"पगार!" तिघे एकदम ओरडले.

"पगार तर माझ्या मेव्हण्याला पण मिळतो, बँकेत! मी तिकडे का नाही गेलो?"

"तुम्हाला घेतलं नसतं!"

"ते सोडा! समजा घेतलं असतं..."

आणि साडेचारची घंटा झाली. बाईंनी पिशवी उचलली. मामांचं तोंड अजून उघडंच होतं, वाक्य अर्धं अडकलेलं. कुलूपवाल्याने सवयीने सुरू केलं, "एक." "दोन." "तीन." आकडे गोलात धावत आले. सहीवाला म्हणाला, "अकरा." मामांचं डोकं मेव्हण्याच्या बँकेत होतं, पण आकडा कानावर आला की तोंडाने उत्तर द्यायचं ही सत्तावीस वर्षांची सवय. "बारा," मामा म्हणाले. "तेरा," पोस्टमन म्हणाला. त्याचंही डोकं भीती आणि लाज यांच्यात अडकलेलं. शेवटी रिक्षावाला म्हणाला, "तेवीस." मामांनी चिठ्ठीवर तेवीस लिहिलं, टोपी घातली, खिडकीतून चिठ्ठी शिपायाच्या हातात दिली आणि वळून म्हणाले, "समजा घेतलं असतं, तरी..."

तेवढ्यात वेडी घंटा सुरू झाली.

धोक्याच्या घंटेला तुरुंगात वेडी म्हणतात, कारण ती एकदा सुरू झाली की थांबायचं विसरते. बेरीज सहाशे तेरा आली होती.

कैदी कमी भरला तर काय करायचं याची नियमपुस्तकात अकरा पानं आहेत. जास्त भरला तर काय करायचं याची एक ओळही नाही. फाटकावरच्या सुभेदाराने तीनदा बेरीज केली, मग बोटांवर केली, मग कपाळाला हात लावला. मुदपाकखान्यातून निरोप आला की आयत्या वेळी आलेल्याला जेवण मिळणार नाही. कुणी म्हणालं, कुणाचा तरी काटा काढायला मारेकरी आत घुसलाय. कुणी म्हणालं, मागच्या वर्षी सुटलेला म्हातारा परत आला असेल, त्याला बाहेर करमत नव्हतंच.

जेलरसाहेब दोन शिपाई घेऊन शेडमध्ये घुसले. "सगळे जोडीने! बाई, तुम्ही हलू नका!" दोन, चार, सहा करत त्यांनी स्वतः मोजलं. बावीस.

"बावीस?"

"बावीसच," मामा म्हणाले. त्यांच्याही कपाळावर आठ्या. अजून त्यांच्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

"मग चिठ्ठीवर तेवीस कसे? म्हणजे एक जण आत आला, मोजला गेला, आणि आता गायब!" जेलरसाहेबांचा आवाज चढत गेला. "मी म्हणत होतो! मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो!" त्यांनी बाईंची पिशवी सतरंजीवर ओतली. चष्म्याचं घर, रुमाल, खडूचे चार तुकडे. मग त्यांनी छत्री उघडून आत डोकावून पाहिलं.

"आत आहे का कुणी?" बाईंनी विचारलं.

जेलरसाहेबांनी छत्री मिटली. "सगळे होते तिथे बसा. पुन्हा म्हणा. तेव्हा जो आकडा म्हटला होता तोच!"

गोल बसला. मामा दाराशी उभे राहिले, पाठ ताठ, टोपी सरळ.

"एक." "दोन." आकडे पुन्हा फिरत आले. "दहा." "अकरा," सहीवाला म्हणाला.

 पोस्टमनने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "तेरा."

"बारा कोण?" जेलरसाहेब गरजले.

सहीवाला आणि पोस्टमन यांच्यामध्ये एका माणसाच्या मांडीएवढी जागा रिकामी होती. बावीस जणांनी त्या जागेकडे पाहिलं. मग बावीस जणांनी मामांकडे पाहिलं. आणि मग बावीसच्या बावीस जण छताकडे बघायला लागले, जणू तिथे सिनेमा चालू आहे. जेलरसाहेबांनी सतरंजी उचलून खाली पाहिलं. मागाचा एक लोखंडी आकडा होता.

"बारा नंबरचा पळाला!" असं ओरडत ते साहेबांच्या खोलीकडे धावले, आणि दोन्ही शिपाई त्यांच्या मागे.

मामा स्टुलावर बसले.  बारा. आपल्याच आवाजात आपण म्हटलेलं बारा त्यांना आता लख्ख ऐकू आलं. सत्तावीस वर्षं, आणि पहिली चूक. पदकाला एक महिना असताना!

"घाबरू नका मामा," कुलूपवाला कुजबुजला. "सोपं आहे. पोस्टमन सांगेल, मी बारा गाळून तेरा म्हटलं, गणित कच्चं."

"माझं गणित कच्चं?" पोस्टमन चिडला. "सोळा वर्षं घर नंबर वाचलेत मी!"

"पक्कं असतं तर आत आला असतास?"

"गणिताने नाही आलो, पार्सलाने आलो!"

"भांडू नका," सहीवाला म्हणाला. "ती चिठ्ठी फक्त माझ्या हातात आणून द्या. मामांच्या अक्षरात तेवीसचे बावीस करून देतो. तीन मिनिटं. चार, जर टाक खराब असेल तर."

"पण मग घोळ वर्गाचा ठरेल," मागून कुणीतरी म्हणालं. "वर्ग बंद होईल. अट आहे."

 मग कुलूपवाला नाक चोळत म्हणाला, "होऊ दे. वर्ग गेला तर गेला. मामांचं पदक राहील. त्यांच्या बायकोने ड्रेस शिवलाय, बटणांचा." मामांनी ते त्यांना कधी सांगितलं होतं, त्यांचं त्यांनाच आठवेना.

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी दोन्ही हात वर केले. "मला विचारू नका. वर्ग माझा आहे, माझा स्वार्थ आहे त्यात. तुम्हीच बघा." पण त्यांचे डोळे असे चमकत होते की वर्ग बंद व्हायला आलाय याचं त्यांना सुतक दिसत नव्हतं.

"मामांना विचारा," रिक्षावाला म्हणाला. "आपण त्यांचं परस्पर भलं करतोय. त्यांना न विचारता. ही पण एक चोरीच."

"चोरीचं तू मला शिकवणार?" कुलूपवाला म्हणाला.

"तुला नाही. स्वतःला सांगतोय. मी पण त्या माणसाचं परस्परच केलं होतं. वाईट केलं, पण परस्परच."

बाहेर वेडी घंटा बोंबलत होती आणि शेडमधले बावीस जण मामांच्या उत्तराची वाट बघत होते. मामांनी तोंड उघडलं, आणि आतून शब्दाऐवजी हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून. त्यांना आवरेना. टोपी खाली पडली. "अरे," ते डोळे पुसत म्हणाले, "सत्तावीस वर्षं मी सगळ्यांना मोजलं. मला कधी कुणी मोजलंच नव्हतं रे! आज मोजलो गेलो आणि घंटा वाजली!"

"काखेत कळसा आणि तुरुंगाला वळसा," बाई म्हणाल्या, आणि मग त्याही हसत सुटल्या. पोस्टमन लोळायच्या बेतात होता.

मामा उठले. टोपी झटकून घातली. "पदक माझं आहे, आणि चूकही माझी आहे. त्यातली एक गोष्ट ठेवून दुसरी पोस्टमनच्या गळ्यात कशी बांधू? तुम्ही बसा. कुणीही काहीही गाळायचं नाही, काहीही करून द्यायचं नाही. सहीवाल्या, तुला सांगतोय."

साहेब फोनवर होते. कपाळावरचा घाम फोनच्या दांड्यावरून ओघळत होता. "नाही सर, पळाला नाही. म्हणजे पळाला असं जेलर म्हणतात. आधी आला. नाही सर, कुठून आला ते कळलेलं..."

"जास्तीचा माणूस सापडला, साहेब," मामा म्हणाले.

साहेबांनी फोनवर हात ठेवला. "कुठे आहे?"

"तुमच्यासमोर उभा आहे."

साहेबांनी मामांच्या मागे पाहिलं. दारामागे पाहिलं. मग हळूहळू त्यांची नजर मामांवर येऊन टेकली. फोनमध्ये ते म्हणाले, "सापडला, सर. आमचाच आहे," आणि ठेवून दिला. बाहेर कुणीतरी घंटेची दोरी सोडली असावी, कारण अचानक इतकी शांतता झाली की कानांना दडे बसल्यासारखं वाटलं.

मामांनी सगळं सांगितलं. गोल, मांडी, टोपी, बारा. काहीही गाळलं नाही.

"बघा!" जेलरसाहेबांनी टेबलावर कागद आपटला. "आकड्याचा घोळ! अट स्पष्ट आहे. वर्ग बंद!"

"साहेब, कागद वाचा," मामा म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "वर्गापायी घोळ झाला तर, असं आहे. वर्ग बावीस जणांचा. बावीसही जणांनी आपापला आकडा म्हटला. चुकला तो एकच, आणि त्याचं वर्गाच्या यादीत नाव नाही. दोष माझ्या नावावर लिहा. पदक काढून घ्या. वर्गाला हात लावू नका."

"पण वर्गामुळेच तर तू चुकलास!"

"कशावरून?"

शब्द तोंडातून निसटला होता. हवालदाराने जेलरला "कशावरून" विचारायची त्या इमारतीतली ती पहिलीच वेळ. जेलरसाहेबांचा जबडा खाली आला. साहेबांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

"असं चाललं तरी काय होतं त्या वर्गात," साहेबांनी वळून विचारलं, "की सत्तावीस वर्षांचा माणूस मोजणी विसरला?"

मामांनी उघड्या फाटकाचा प्रश्न सांगितला.

साहेबांनी पेन हातात फिरवलं. "मी तर गेलो असतो," ते म्हणाले.

"साहेब!" जेलरसाहेब किंचाळले.

"चहा प्यायला हो. आलो असतो परत." मग त्यांनी दवाखान्याचं रजिस्टर पुढे ओढलं, ते उगाचच चाळलं, आणि कागदावर लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते. हवालदाराने कामावर असताना कैद्यांत बसून स्वतःस मोजले. सेवापुस्तकात शेरा. निर्दोष सेवेच्या पदकाची शिफारस मागे. पहारा बदलून तीन नंबरच्या मनोऱ्यावर. वर्ग पूर्ववत चालू.

"वर्गाच्या पहाऱ्याला कुणाला देऊ?" त्यांनी विचारलं.

"मी स्वतः उभा राहीन," जेलरसाहेब म्हणाले. "माझा दुसऱ्या कुणावर विश्वास नाही."

मामा घरी आले तेव्हा बायको मशीनवर होती. त्यांनी दारातूनच सांगितलं, एका दमात. तिने पाय थांबवला नाही. शिलाई टोकापर्यंत नेली, दोरा दाताने तोडला.

"म्हणजे पदक गेलं."

"गेलं."

"कशासाठी गेलं ते पुन्हा सांगा. सावकाश."

त्यांनी सावकाश सांगितलं. कुलूपवाला वर्ग सोडायला तयार झाला तिथे आले तेव्हा ती म्हणाली, "माझ्या बटणांसाठी?" आणि पदर तोंडाला लावला. मामांना वाटलं, रडतेय. ती हसत होती. "सत्तावीस वर्षांत तुम्ही एकच चूक केली," ती म्हणाली, "आणि ती पण स्वतःला मोजायची! आता शेंदरी मी घालणारच. समारंभ नसला तर भाजी आणायला घालीन." आणि दुसऱ्या दिवशी घातला. शेजारणीने विचारलं, पदक मिळालं का? "मिळत होतं," ती म्हणाली, "यांनी नको म्हटलं."

मनोऱ्यावर मोजायला काही नव्हतं, भिंत एकच होती. मामांनी दोन मंगळवार काढले. लांबून शेडचं छप्पर दिसायचं, आणि वारा असेल तर हसण्याचा आवाज यायचा, पण कशाला हसले ते कळायचं नाही. हे फार वाईट. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी अर्ज केला: साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी मंगळवारी मिळावी, आणि सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत वर्गात विद्यार्थी म्हणून बसू द्यावं. साहेबांनी नियमपुस्तक उघडलं. त्यात याविषयीही काही नव्हतं. "ज्या गोष्टीविषयी काही नाही," ते वैतागून म्हणाले, "ती याच माणसाला बरोबर सापडते," आणि सही केली.

"सुट्टीच्या दिवशी पण तुरुंगातच?" बायकोने विचारलं.

"प्रश्न चांगला आहे," मामा म्हणाले. "आज विचारतो."

त्या मंगळवारी मामा चौकड्यांच्या शर्टात शेडमध्ये शिरले. दारात जेलरसाहेब उभे होते. त्यांनी मामांची झडती घेतली, दोन्ही खिसे, आणि यादीत शेवटी पेन्सिलीने एक नाव वाढवलं. आतून आरडाओरडा झाला, "मामा आले! सरका, सरका!" पोस्टमनने जागा केली. बाईंनी प्रश्न टाकला: खोटं हसणाऱ्याला आपण खोटं हसतोय हे कळतं का? मामांचा हात बाईंचं वाक्य संपायच्या आधीच वर गेला होता.

"हात खाली घ्या," कुलूपवाला म्हणाला.

"का?"

"नव्या विद्यार्थ्याने पहिले दोन तास नुसतं ऐकायचं. नियम आहे. आम्हीच केलाय."

"नवा? मी चार महिने इथे बसलोय!"

"तेव्हा तुम्ही कामावर होता," सहीवाला म्हणाला. "ते दिवस धरत नाहीत."

"कोण म्हणतो धरत नाहीत?"

"मतदान झालंय," रिक्षावाला गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "एकवीस विरुद्ध एक. विरुद्ध मी होतो."

मामांनी बाईंकडे पाहिलं. बाई खडू झटकत होत्या आणि त्यांच्याकडे बघायचं कटाक्षाने टाळत होत्या. मामांनी हात खाली घेतला. मांडी घातली. गालात हवा भरली, सोडली. उत्तर असं जिभेच्या टोकावर येऊन नाचत होतं, की त्यांनी ओठ दोन बोटांत धरून ठेवले, आणि गोलातला एक एक जण बोलू लागला तसे ते बसल्या जागी डुलायला लागले.